बुधवार दुपार, मोकळी

हेमांगीताई, तुमची यादी मिळाली.
चार दिवस, अकरा किनारे, दोन किल्ले,
एक धबधबा, जो जानेवारीत
आमच्या नळाएवढा असतो,
आणि सगळ्यांत खाली, जाड अक्षरांत:
खरा गोवा (जमल्यास).

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं
आणि एवढंच विचारलं,
ही माणसं जेवणार कधी?

तर जेवणापासून सुरू करते.
तुम्ही सोमवारी पोचताय.
सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही.
खट्टू होऊ नका, खतखतं करीन,
नीरफणस, कणगी, मक्याची कणसं घालून.
त्यात तिरफळं असतात,
मिऱ्याच्या थोरल्या बहिणींसारखी.
ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला ठेवायची.
हे आधी सांगायचं राहिलं म्हणून
नाशिकचे एक वकील
अर्धा तास न बोलता बसले होते.

हुर्राक लिहिलंय तुमच्या यजमानांनी, दोनदा.
त्यांना सांगा, काजूला आत्ता कुठे मोहोर येतोय.
बोंड पिकणार, पडणार, मग तुडवणार,
मग भट्टी.
मानकुरादाचंही तेच.
ज्याला घाई आहे त्यानं मेमध्ये यावं
आणि घामाघूम व्हावं.

पहाटे भोंगा वाजेल, दचकू नका.
पोदेर असतो, सायकलवर, मिंगेल.
पोय गरम आहे तोवर बोलू नये, असं
पलीकडची इनासिन म्हणते,
आणि मग पोय हातात धरून तासभर बोलते
तिच्या नवऱ्याबद्दल,
जो वीस वर्षं कुवेतला होता
आणि आता पुलापर्यंतसुद्धा जात नाही.

मंगळवारी रात्री मांडावर धालो आहेत.
तुम्ही माझ्याबरोबर चला, साडी कुठलीही चालेल.
समोरासमोर दोन रांगा, हातांत हात,
वाकत पुढे जायचं, वाकत मागे यायचं.
शब्द येत नसतील तर नुसते ओठ हलवा.
लग्नानंतर दोन वर्षं मीही तेच केलं,
कुणाला कळलं नाही,
किंवा कळलं असेल.
यजमान आणि कॅमेरा, दोघांनाही घरी ठेवा.

किनारे अकरा कशाला?
आमचा एक आहे, सुरूच्या झाडांमागे.
रात्री तिथे कुणी दिवा लावत नाही,
कासवीण अंडी घालायला येते.
मी इथे नांदायला आले त्याला एकोणीस वर्षं झाली,
मला ती दोनदा दिसली.
तुम्हाला दिसेल असं मी लिहून देणार नाही.

खऱ्या गोव्याचं म्हणाल
तर खोटा कुठे ठेवलाय
ते मलाही कुणी दाखवलेलं नाही.

आता ती ओळ.
तुमच्या अख्ख्या यादीत एकच घर रिकामं राहिलंय:
बुधवार दुपार, मोकळी.
भरायचं विसरला असाल.
भरू नका.
वारा बरा असला तर त्या वेळी रापण ओढतात.
दोराला जो हात लावील त्याला वाटा,
मग तो पागी असो नाहीतर बँकेतला.
दोर खरखरीत असतो, तळवे सोलवटतात.
कितीतरी वेळ काहीच येत नाही,
नुसता समुद्र जड लागतो
आणि आपण ओढतो आहोत की तो, ते कळत नाही.
मग अचानक पायांशी वाळू उडायला लागते,
तारले, पेडवे, एखादा चुकार खेकडा,
आणि सगळे एकदम ओरडतात,
रोज बघणारेसुद्धा.
तुमच्या मुलाचाही वाटा निघेल.
त्यानं दोर ओढला की दोरानं त्याला
हे कुणी विचारत नाही.

आगाऊ पैसे नकोत.
येताना इचलकरंजीहून तेवढी
कांदा-लसूण चटणी आणा, पावशेर.
तारल्यांना लावून बघायची आहे मला एकदा,
बुधवारी,
सासूबाई देवळात गेल्या की.

तुमची,
सुलक्षा पागी, गालजीबाग